कोपऱ्यातली सतार

आम्ही हौशी वादक. अरविंद गेला तरी रविवारी त्याच्याच घरी जमतो. वाजवतो कमी, वाद्यांचं कौतुक जास्त.

"जर्मन बनावटीचे सूर आहेत, ऐका नुसतं," म्हणत नानांनी पेटीवर पंचम लांबवला. तोच कोपऱ्यात भिंतीला टेकवलेली अरविंदची सतार गुणगुणली. जुळता सूर लागला की सतारीच्या तरफा, म्हणजे खालच्या बारीक तारा, हात न लावताही झंकारतात, हे आम्हाला ठाऊक होतं. तरी अंगावर काटा आला. अरविंद जाऊन वर्ष झालं; तारा उतरायला हव्या होत्या, सुरात कशा?

चहा घेऊन आलेल्या वहिनी म्हणाल्या, "मीच लावून ठेवते. तारा लावायला शिकवलं त्यांनी, वाजवायचं राहिलं. तुमच्या सुराला ती बोलते, म्हणून तर तुम्हाला बोलावते."

चहा निवत गेला. नानांनी भाता थांबवला नाही.