तिसऱ्या रांगेतली सून

गुन्सानच्या सुक्या मासळीच्या बाजारात पोरगं किती गुणाचं हे पूर्वी त्याच्या नोकरीवरून ठरायचं. सोग्योल नावाचा गायक पुढे आल्यापासून ते रांगेवरून ठरतं. पोराने आईला सोग्योलच्या कार्यक्रमात कितव्या रांगेत बसवलं, त्यावर तिची कूस धन्य झाली की वाया गेली याचा निकाल लागतो. या परीक्षेत माल-सुन पहिल्यांदाच नापास होण्याच्या बेतात होती.

माल-सुन ही बाजारातली वजनदार बाई. वय सदुसष्ट. पस्तीस वर्षं एकाच ओट्यावर बसून सुकी मांदेली आणि वाळवलेलं माकूल विकलं, आणि त्याच्याबरोबर सगळ्या गावाच्या भानगडी फुकट वाटल्या. नवरा जन्मभर बोटीवर होता. किनाऱ्यावर परतला तेव्हा बोलणं बहुधा समुद्रातच विसरून आला. एकुलता एक मुलगा किह्योन सोलमध्ये बँकेत उपव्यवस्थापक. या 'उप'चा उच्चार माल-सुन इतका हळू करायची की ऐकणाऱ्याला नुसता व्यवस्थापकच ऐकू यावा.

चार वर्षांपूर्वी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर ती अंथरुणात पडून होती, तेव्हा टीव्हीवर सोग्योल दिसला. तिशीचा पोरगा, गोरापान. आईच्या भेगाळलेल्या हातांवर गाणं म्हणाला आणि शेवटी जमिनीला कपाळ टेकवून नमस्कार केला. माल-सुन तीन दिवस रडली आणि चौथ्या दिवशी चालायला लागली. डॉक्टर म्हणाले व्यायामाने, ती म्हणाली सोग्योलने. तेव्हापासून ओट्यावर लग्नाच्या फोटोच्या दुप्पट आकाराचा सोग्योल टांगलेला आहे. त्याच्या वाढदिवसाला तिने रिवाजाप्रमाणे मोठं पातेलंभर समुद्री शेवाळाचं सूप रांधून अख्ख्या बाजाराला पाजलं. नवऱ्याचा वाढदिवस त्यानंतर दोन दिवसांनी होता. त्याला उरलेलं मिळालं, आणि तेही त्याने न बोलता प्यायलं.

तर यंदा सोग्योलचा कार्यक्रम सोलच्या मोठ्या बंदिस्त स्टेडियमात ठरला. तिकिटं संध्याकाळी आठच्या ठोक्याला कॉम्प्युटरवर खुली होणार, आणि दोन मिनिटांत संपणार. त्या दिवशी गुन्सानमधले झाडून सगळे मुलगे, जावई आणि भाचे बोटं मोकळी करत बसले होते. किह्योनने आठ वाजता बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं आली : तुमच्या पुढे एक लाख चौऱ्याऐंशी हजार माणसं आहेत.

"आई, झालं नाही," तो फोनवर म्हणाला.

"बँकेत काय नुसते शिक्के मारतोस का रे?" माल-सुन म्हणाली आणि फोन आपटला.

दुसऱ्या दिवशी समोरच्या ओट्यावरची चोम-रे सकाळपासून गुणगुणत होती. हिचा मुलगा थेसिक बेचाळीस वर्षांचा, बिननोकरीचा, बिनलग्नाचा. दिवसभर कॉम्प्युटरवर बंदुकांचे खेळ खेळतो. इतकी वर्षं चोम-रे त्याचा विषय निघाला की तराजू पुसायला घ्यायची. आज मात्र तिचा आवाज शेवटच्या ओट्यापर्यंत गेला.

"अकरावी रांग! आमच्या थेसिकने एका दमात काढली. बोटं कशी चालतात म्हणून सांगू! बरं, किह्योनच्या आई, तुमच्या व्यवस्थापकांनी कितवी काढली?"

"तिसरी," माल-सुन म्हणाली.

का म्हणाली, तिचं तिलाही कळलं नाही. जीभ पुढे गेली आणि अक्कल मागे राहिली. चोम-रेचं गुणगुणणं थांबलं एवढं मात्र खरं, आणि त्या सुखात माल-सुनचा सबंध दिवस गेला. संध्याकाळी ओटा झाकताना भान आलं. आता तिसरी रांग आणायची कुठून?

मग तिने तो नंबर फिरवला. ये-रिमचा. ये-रिम म्हणजे किह्योनची तीन वर्षांपूर्वी घटस्फोट घेतलेली बायको. हिला कोबीची किमची मुरवता येत नव्हती, ही सासऱ्याच्या आधी चमचा उचलायची, हिच्या पायगुणाने किह्योनची बढती अडली, असा तिचा पंचनामा माल-सुनने बाजारात इतक्यांदा वाचला होता की गिऱ्हाइकांनाही पाठ होता. पण ही ये-रिम एका प्रवास कंपनीत विमानाची तिकिटं काढायची, आणि तिची बोटं म्हणजे वीज. रद्द झालेलं तिकीट कुठे सुटतं आणि कधी झडप घालायची, हे तिला झोपेतही कळायचं.

"बोला, माल-सुनबाई," ये-रिम म्हणाली. पूर्वी 'आई' म्हणायची.

"काही नाही, सहजच... जेवलीस का?"

"तीन वर्षांनी विचारताय म्हणजे सोग्योलचं तिकीट हवंय."

आठवडाभरात तिने खरंच तिसरी रांग काढली. दोन खुर्च्या, शेजारी शेजारी. फोनवर ती दारावरच्या ओळखपत्राचं वगैरे काही सांगत होती; माल-सुन "हो हो हो" म्हणाली आणि आनंदात फोन ठेवून दिला.

कार्यक्रमाच्या दिवशी बाजारातल्या चौदाजणी बसने निघाल्या. सगळ्या डोक्यापासून मोज्यांपर्यंत शेंदरी, कारण सोग्योलच्या चाहत्यांचा रंग तोच. लांबून बघणाऱ्याला गाजरांची सहल निघाली आहे असं वाटलं असतं. प्रत्येकीच्या पिशवीत किंबापच्या भाताच्या गुंडाळ्या, उकडलेली अंडी, रक्तदाबाच्या गोळ्या आणि नगरकचेरीतून आणलेला कुटुंबाचा दाखला. तिकीट मुलाच्या नावावर आणि बसणार आई, तर तो मुलगा आपल्याच पोटचा आहे असा सरकारी शिक्का दाखवावा लागतो. काळाबाजार रोखायला काढलेली युक्ती. माल-सुनकडेही दाखला होता. तिची समजूत अशी, की शिक्का गोल असला म्हणजे झालं.

दारावरच्या तरुण तपासनिसाने चोम-रेचा दाखला पाहिला. "मुलगा थेसिक. बरोबर. जा आजी." चोम-रे काही आत गेली नाही. एका बाजूला उभी राहून तिने अंडं सोलायला घेतलं. तिसरी रांग तिला डोळ्यांनी पाहायची होती.

"आजी, तुमच्या दाखल्यावर मुलगा किह्योन," तपासनीस मोठ्याने म्हणाला. "तिकिटं मात्र युन ये-रिम यांच्या नावावर आहेत. या कोण?"

अंडं सोलायचं थांबलं.

"ती... ती आमच्या मुलाच्या बँकेतली कारकून," माल-सुन म्हणाली.

"मग कारकूनबाईंना यावं लागेल. त्या आत गेल्या तरच दुसरी खुर्ची तुमची."

"अरे, शिक्का बघ ना नीट! केवढा गोल आहे!"

"आले आहे मी," मागून आवाज आला. करड्या कोटातली ये-रिम हातात कॉफीचा पेला घेऊन उभी होती. त्या शेंदरी पुरात तेवढी एकच बाई कोरडी दिसत होती. "दीड तासापासून समोरच्या दुकानात बसलेय. तुम्ही 'हो हो हो' म्हणालात तेव्हाच समजले की काही ऐकलेलं नाही." तिने ओळखपत्र पुढे केलं, पण तपासनिसाने हात लावायच्या आत परत ओढलं. "कोणत्या बँकेत कारकून आहे म्हणालात मी?"

"अगं, आत जाऊन बोलू. सुरू होईल."

"होऊ दे. मला सोग्योल आवडत नाही. तिकिटं कोणी काढली म्हणून सांगितलंत बाजारात?"

आत ढोल वाजला. वीस हजार बायकांनी एकदम किंकाळी फोडली. सोग्योल मंचावर आला होता. माल-सुनचे गुडघे, शस्त्रक्रिया झालेला आणि न झालेला, दोन्ही दाराकडे वळले. एका बाजूला पस्तीस वर्षांची अब्रू, दुसऱ्या बाजूला सोग्योल. तिने अब्रूकडे एकदा बघितलं. अब्रू अंडं हातात धरून, आ वासून उभी होती.

"हिने काढली!" माल-सुन ओरडली. "किह्योनला नाही जमलं! त्याच्या पुढे एक लाख चौऱ्याऐंशी हजार माणसं होती! मी खोटं बोलले! झालं समाधान? आणि किमची... किमची ठीक करायची ही. मीठ तेवढं कमी."

"मीठ?" ये-रिमने भुवई उंचावली.

"मीठही ठीक होतं!"

आता चोम-रे हसणार, आणि तिचं हसू गुन्सानपर्यंत बसमध्ये पुरवून पुरवून वापरलं जाणार, हे माल-सुनने गृहीतच धरलं. पण चोम-रे अंडं पिशवीत टाकून लगबगीने पुढे आली आणि तिने ये-रिमचा हात धरला.

"पोरी, तिसरी रांग तू काढलीस? डिसेंबरात बुसानला आहे त्याचा कार्यक्रम. आमच्या थेसिकची बोटं आताशा दुखतात. तुझा नंबर दे बाई. किमची मी पाठवत जाईन, खाऱ्या कोळंबीची."

"मला पहिली रांग," कोणीतरी मागून म्हणालं.

"आधी मी विचारलं!"

बघता बघता तेरा शेंदरी बायकांनी ये-रिमला घेरलं. कोणी तिच्या खिशात अंडं कोंबत होती, कोणी तिच्या लग्नाचं बघू म्हणत होती. चोम-रे तर थेसिकचा फोटोच शोधायला लागली. फोटो पाहिल्याबरोबर माल-सुनच्या अंगात वारं भरलं. तिने दोन्ही कोपरांनी गर्दी फोडली आणि ये-रिमचं मनगट पकडलं.

"बाजूला व्हा सगळ्या! सून माझी आहे!"

"होती," चोम-रे म्हणाली.

"कागदावर! कागदाला काय कळतं? तुम्हीच बघा, या दाखल्यावर सुनेचं नाव लग्न टिकलं असतं तरी नसतं. शिक्का आहे एवढा गोल, उपयोग काय त्याचा?"

"दोघीजणी आहात ना? मग जा आत," ये-रिमचं ओळखपत्र बघून कंटाळलेला तपासनीस म्हणाला.

आत पहिलं गाणं संपून टाळ्या पडत होत्या. माल-सुनने चार वर्षं आईच्या हातांवरच्या त्याच गाण्याची वाट पाहिली होती. तरी ती धावली नाही. मागून चोम-रे येत होती, हातात थेसिकचा फोटो होता, आणि ये-रिमचं मनगट सोडायची ही वेळ नव्हती.