बाईंच्या डिस्कला लावलेलं कुंकू

माझं डोकं लवकर तापतं. चूक माझी असली तर जास्तच तापतं, आणि हे पाटोद्याच्या बाजारपेठेत सगळ्यांना ठाऊक हाय. त्यामुळं मी कुणापुढं मान खाली घालून उभा राहिलो असेन यावर घरच्यांचाही विश्वास बसायचा न्हाई. म्हणून घरी सांगितलंच न्हाई. इथं लिहितोय.

माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, साखरपुडे, नारायणगडावरच्या जत्रेची गर्दी, सगळं शूटिंग एकाच कॉम्प्युटरवर बसवायचं. त्याच्या आतल्या बोर्डावर हार्ड डिस्क जोडायच्या जागा चारच. एक विंडोजची, बाकी तिन्हींवर लोकांची लग्नं ठासून भरलेली. नवी डिस्क लावायची तर जुनी उपटायची, दोन तासांनी तिची गरज पडली की दुसरी उपटायची. रोजचीच ती झकझक. शेवटी मी कॅबिनेटचं झाकण लावायचंच सोडून दिलं.

मला तिसरीला शिकवायच्या त्या बाई एके दुपारी दुकानात आल्या. रिटायर होऊन बरीच वर्षं झालेली. आवाज घोगरा येत होता. घशात गाठ निघाली होती, ऑपरेशन ठरलं होतं, आणि ऑपरेशननंतर आवाज राहणार न्हाई असं डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं होतं. पुण्याला लेकीकडं सहा महिन्यांची नात. बाई म्हणाल्या, तिला माझा आवाज ठाऊक पाहिजे, तेवढं करून दे.

चार दुपारी बाई माझ्या माईकसमोर बसल्या. वर्गात सांगायच्या त्या सगळ्या गोष्टी सांगितल्या, कविता चालीत म्हटल्या, विहारात बायकांना शिकवायच्या ती वंदना म्हटली. अधूनमधून थांबायच्या, पाणी प्यायच्या, पुन्हा सुरू. माझ्या डिस्कांवर बोट ठेवायला जागा न्हाई, म्हणून त्यांना नवी डिस्क मीच आणून दिली आणि सगळं थेट तिच्यावर घेतलं. पंख्याची घरघर मागं ऐकू येत होती. ती साफ करतो, तुमी दवाखान्यातून याल तोवर पुण्याला पाठवायला तयार ठेवतो, असं मी छातीला हात लावून सांगितलं. दुसरी कॉपी काढायची होती. उद्या काढू म्हटलं. बाईंनी डिस्कवर मार्करनं, फळ्यावर काढायच्या तशाच वळणदार अक्षरात लिहिलं, ‘नातीसाठी’.

दसरा तोंडावर आला होता. मी आपलं हसत म्हणालो, बाई, खंडेनवमीला कॅमेऱ्यांबरोबर तुमच्या डिस्कचीपण पूजा करून टाकतो.

बाई शांतपणे म्हणाल्या, “आमच्यात नसतं ते. तुझ्या यंत्रांची तू कर. हिला आहे तशी राहू दे.”

हो बाई, म्हणालो. आणि खंडेनवमीला काय केलं? कॅमेरे, ट्रायपॉड, लाइटा, सगळ्या डिस्का चटईवर मांडल्या. लेन्स पुसायच्या स्पिरिटनं एकेक वस्तू चकाचक केली, हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं. बाईंची डिस्क हातात आली तेव्हा त्यांचं बोलणं आठवलं होतं. विसरलो असं म्हणायची सोय न्हाई. पण मनात आलं, कुंकवानं काय होतंय, झालं तर चांगलंच होईल, बाईंना गुणच येईल. लई शहाणा! त्यांनी साध्या शब्दांत नको म्हटलं होतं, आणि त्यांचं भलं कशात हाय ते मी ठरवत होतो. स्पिरिटनं ‘नातीसाठी’ पुसलं गेलं. नंतर लिहू म्हटलं.

कॉम्प्युटरला जास्तीच्या डिस्का जोडायचं एक कार्ड मी मागवलं होतं, ते दसऱ्यानंतर कुरिअरनं आलं. पत्त्याच्या पानाएवढी पट्टी. बोर्डावरच्या छोट्या खाचेत दाबून बसवायची, एक स्क्रू आवळायचा, की डिस्कसाठी आणखी चार जागा तयार. केव्हापासून त्याची वाट बघत होतो. त्यादिवशी तलवाड्याचा एक वरबाप, म्हणजे ज्याच्या पोराच्या लग्नाचं शूटिंग मी केलं होतं तो, दुकानात येऊन बसला होता. फिल्म कधी देता म्हणून डोकं खात होता. मी म्हटलं, बघा आता मशीनची ताकद. कार्ड बसवलं आणि त्यावर दोन डिस्का जोडल्या. एक बाईंची. दुसरी माझी जुनी, तिच्यावरची लग्नं केव्हाच देऊन झालेली, ती पुसून तलवाड्याचं लग्न टाकायचं होतं. दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच आकाराच्या, दोघींच्या कपाळी कुंकू, नाव एकीवरही न्हाई. स्क्रीनवरही दोघींचं नाव ‘न्यू व्हॉल्यूम’, कारण नाव बदलायचा कंटाळा.

नवं कार्ड लावलं की डिस्कांचे नंबर इकडचे तिकडे होतात, हे मला माहीत होतं. डिस्क उघडून आत काय हाय ते बघायला दहा सेकंद लागतात. पण वरबाप बघत होता. माझ्या जुन्या डिस्कच्या नेहमीच्या नंबरवर फॉरमॅट मारलं, म्हणजे ती कोरी केली, आणि हळदीपासून वरातीपर्यंत तीन दिवसांचं शूटिंग तिच्यावर ओतलं.

संध्याकाळी दुसरी डिस्क उघडली. म्हटलं आता बाईंचं काम हातावेगळं करू. आत बघतो तर जुनी लग्नं.

गेलेलं परत आणायचं सॉफ्टवेअर दोन दिवस चालवलं. वर लग्न पडलेलं, खालचं कुठून मिळणार? एक तुकडा तेवढा हाताला लागला, पाच-सहा सेकंदांचा. बाकी सगळं गेलं.

महिन्याभरानं बाई आल्या. गळ्याभोवती रुमाल, हातात वही-पेन. काही लिहायच्या आतच मी सुरू झालो. डिस्क मुळातच खराब निघाली, कंपनीचा माल, हल्ली काही खरं न्हाई. उचलली जीभ लावली टाळ्याला. तलवाड्याचं लग्न दुसरीकडं हलवून ती डिस्क मी पुसून ठेवली होती, म्हणजे खोटं बोलायची तयारी आधीपासून होती. बाईंनी वहीत लिहिलं, ‘जाऊ दे. तुझा काय दोष.’ माझ्या हातावर थोपटलं आणि ती मोकळी डिस्क पिशवीत घालून निघून गेल्या. त्यांनी चार शिव्या लिहिल्या असत्या तर बरं झालं असतं. जेवण गोड लागेना. बायकोनं दोनदा विचारलं तर तिच्यावरच खेकसलो.

आठ दिवसांनी पुन्हा दारात बाई. डिस्क काउंटरवर ठेवली आणि पेनाच्या टोकानं बाजूच्या स्क्रूच्या भोकाकडं दाखवलं. आत कुंकू घट्ट बसलेलं. वरचं मी पुसलं होतं, भोकातलं राहिलं. बाईंनी वहीत लिहिलं, ‘हे कशाचं?’

क्षणभर डोकं तापलं. आता कुंकवानं डिस्क जळती का, असं तोंडात आलं होतं. देवाशपथ आलं होतं. पण बाई वर्गात बघायच्या तशा बघत होत्या. त्यांच्या वर्गात एक नियम होता. जो आपणहून सांगेल त्याला छडी न्हाई. तिसरीत असताना मी त्या नियमावर लई वेळा वाचलो होतो. इथं तर आपणहून सांगायची वेळही मी घालवली होती.

सगळं सांगितलं. पुसलेलं नाव, लावलेलं कुंकू, वरबापापुढचा मोठेपणा, कंपनीवर ढकललेलं पाप. खाली बघूनच बोलत होतो. माझी मलाच किळस यावी इतकं ते एकापाठोपाठ एक निघत गेलं. शेवटी तो सापडलेला तुकडाही सांगितला, आणि त्यात काही न्हाई बाई, असं म्हणालो.

बाईंनी लिहिलं, ‘ऐकव.’

नको म्हणालो. त्यांनी वहीवरच्या त्या शब्दाखाली रेघ मारली.

मी लावलं. स्पीकरमधून पंख्याची घरघर आली, मग ग्लास ठेवल्याचा आवाज, आणि मग माझाच आवाज, तोऱ्यातला: “हां बाई, बोला आता.”

बाईंचा पहिला शब्द निघायच्या आतच तुकडा संपला. बाई माझ्याकडं बघत उभ्या होत्या.