एक शनिवार

शालूमावशीला मोठ्यानं बोललेलं खपत नसे आणि मला हळू बोलता येत नाही. तरीही औंढ्यात आम्ही दोघी पंचवीस वर्षं एका भिंतीच्या शेजारणी होतो. मी अंगणवाडीत तीस पोरांना गप्प बसवून यायची, त्यामुळे घरी आल्यावरही माझा आवाज चढलेलाच. मावशी चुलीपुढून म्हणायची, "नंदे, हळू बोल की. मी काय लोणावळ्याला न्हाई बसले." ती स्वतः हंडा जमिनीवर टेकवतानासुद्धा खाली फडकं टाकायची. तिचा नवरा सोपानभाऊ भात झोडू लागला की ही खळ्याच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसायची. "आमच्या राणीसायब," म्हणून तो तिला चारचौघांत चिडवायचा आणि ती गालातल्या गालात हसायची.

सोपानभाऊ गेल्यावर मुलानं, अमृतनं, नदीकाठचं भाताचं खाचर बुजवून तिथं फार्महाऊस बांधलं. पोहायचा तलाव, हिरवळ आणि माणसाच्या उंचीचे दोन काळे स्पीकर. मावशीला त्याचा आनंदच झाला होता. पाहुणे येतील, पाऊस बघतील, आपल्या हातची भाकरी खातील, असं तिच्या मनात. तिनं त्यांच्यासाठी दोन गोधड्यासुद्धा शिवल्या. पहिल्याच शनिवारी चाळीस जण आले आणि दुपारी बाराला दणदणाट सुरू झाला. मावशीच्या मांडणीतली ताटं थरथरायला लागली. तिनं एकेक ताट उतरवून जमिनीवर ठेवलं आणि माझ्याकडे आली. "नंदे, माझ्या छातीत कोन मुसळ मारतंय गं?"

तेव्हा मला हसू आलं होतं. आज त्याची लाज वाटते.

मग तिचे उपाय सुरू झाले. तेलात भिजवलेले कापसाचे बोळे झाले. गोठ्यात म्हशीशेजारी बसून झालं, पण शनिवारी म्हैसच दूध चोरायला लागली. एकदा ती मला घेऊन शिरगावला साईबाबांच्या देवळात गेली, जरा निवांत बसायला म्हणून. तिथं भोंग्यावर आरती चालू. बाहेर येऊन ती पायरीवर बसली आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. "देवालापन सुटका न्हाई," म्हणाली.

आंबीला लेकीकडे, सविताकडे, महिनाभर राहिली. तिथं शेजारच्या कारखान्याचं यंत्र सारखं धडधडायचं. "त्याचं काय वाटत न्हाई बघ," ती म्हणाली. "त्याच्यावर कुनाची तरी चूल पेटती."

"अमृतची चूलही त्या स्पीकरवरच पेटते की," मी म्हणून गेले. माझी जीभ अशीच आहे.  लेकीच्या घरी तरी मावशी किती दिवस राहणार? परत आली.

पुढे डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हृदय नाजूक झालंय, जपा. त्या दिवशी ती अमृतला माझ्यासमोर म्हणाली, "येक शनवार बंद ठेव रं. येकच. मला माझ्या घरात गप बसायचंय."

"आय, या शनिवारचं बुकिंग घेतलंय," तो म्हणाला. "पुढच्या शनिवारी नक्की."

अमृत वाईट मुलगा नाही. आईच्या गोळ्या तो स्वतःच्या हातानं काढून द्यायचा. पण पावसाळ्यात गर्दी होती म्हणून पुढचा शनिवार, मग दिवाळीच्या सुट्ट्या म्हणून पुढचा, मग वर्षअखेर, मग उन्हाळा, अशी वर्षं निघाली. मी एकदा त्याला अंगणात उभा करून झाडला. तो खाली मान घालून म्हणाला, "काकू, एक शनिवार नाही म्हटलं तर बुकिंगवाला एजंट आपलं नावच काढून टाकतो. मग बारा महिने शांतताच." 

एकदा मी पोलिसांना फोन केला. ते आले, आवाज कमी झाला, ते गेले, आवाज वाढला. वर मावशीनं माझ्याशी तीन आठवडे अबोला धरला. "माझ्या लेकावर पोलीस घालतीस?" असं शेवटचं बोलून तिनं दार लावून घेतलं, तेसुद्धा आवाज न करता.

ती गुरुवारी गेली. दुपारी ओसरीवर इंद्रायणीचे तांदूळ निवडत बसली होती, तशीच कलंडली. गावात त्या वेळी काहीच वाजत नव्हतं. मी बोटांवर दिवस मोजले. दहावा शनिवारी येत होता.

अमृतनं एजंटाला चार वेळा फोन केला. बुकिंग दोन महिन्यांपूर्वीचं होतं, ते काही रद्द होईना. शेवटी अमृत म्हणाला, "पाहुणे अकराला येणार. आपला दहावा नऊला उरकतो. काही अडचण नाही." दहाव्याचा घाट त्याच्या कुंपणाला लागूनच खाली. गावानं पिढ्यान् पिढ्या तिथंच पिंड ठेवलेत.

पाहुणे साडेआठलाच आले. इकडे महाराजांचं प्रवचन सुरू झालं होतं, आपल्या रिवाजाप्रमाणे भोंग्यावर. वरून स्पीकर दणाणला तसा महाराजांनी आपला आवाज वाढवायला लावला. दोन्हीकडून कान फुटायची वेळ. मावशीच्या दहाव्याला हे! मी उठून माईकवाल्याकडे गेले आणि आमचा भोंगा तरी बंद करायला लावला.

पिंड ठेवला. कावळे समोरच्या जांभळीवर होते, पण एकही खाली उतरेना. गाण्याचा ठोका पडला की सगळे उडायचे आणि लांब जाऊन बसायचे. नऊ वाजले, दहा वाजले. कावळा शिवेना म्हटल्यावर माणसं एकेक करून पुढं येऊ लागली, मावशीचा जीव कशात अडकलाय ते शोधायला. सविता हात जोडून म्हणाली, "आये, मी भावाशी कधी भांडनार न्हाई." मावशीचा भाऊ म्हणाला, "अक्का, तुझी म्हस इकू देनार न्हाई." कुणी म्हणालं, नातवाचं लग्न थाटात करू. सगळं झालं. कावळे तिकडेच.

खरी गोष्ट तिथं सगळ्यांना ठाऊक होती. तोंड उघडलं ते मीच, आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू बोलले. "अमृत, तिनं एक शनिवार मागितला होता."

अमृत उघड्या अंगानं, ओल्या धोतरानं, मुंडण केलेल्या डोक्यानं कुंपणापलीकडे गेला. त्याला तसा बघून स्पीकरपाशी नाचणारी पोरं दचकली. त्यांनी लगेच बंद केलं, एकानं "सॉरी काका" म्हणून हातही जोडले.

नदीचं पाणी ऐकू आलं. इतक्या वर्षांत शनिवारी ते मी प्रथमच ऐकलं. जांभळीवरून एक कावळा उतरला, दोन उड्या मारत जवळ आला, मान वाकडी करून पिंडाकडे बघू लागला.  अमृत धावत परत येऊन उभा राहिला होता, हात जोडून. मला वाटलं, मावशी, झालं बघ, एवढा तरी शनिवार मिळाला तुला.

तेवढ्यात तलावातून कुणीतरी निथळत बाहेर आलं. त्याला बिचाऱ्याला काहीच माहीत नव्हतं. गाणं का बंद पडलं म्हणून त्यानं बटण दाबलं.

कावळा गेला. मग एकही आला नाही. अमृत पुन्हा वर गेला नाही. मी त्याच्याकडे बघत होते, पण जा म्हणायची ताकद माझ्यातही उरली नव्हती. साडेअकराला भटजींनी मान हलवली, दर्भाच्या चार काड्या पिळून कावळा केला आणि तो पिंडाला टेकवला.

त्या वेळी अमृत डोळे मिटून आईला काहीतरी सांगत होता. त्या दणदणाटात शेजारी उभ्या असलेल्या सवितालाही ते ऐकू गेलं नाही. मलाही नाही. मी फक्त त्याचे ओठ बघितले. आईला इतकी वर्षं तो जे सांगत आला होता, तेच सांगत होता. पुढच्या शनिवारी नक्की.