शरयूआधीची कौसल्या

जालन्यात मोसंबीचा भाव सांगणारे दहा भेटतील, लॅटिन विशेषणाचं सांगणारे एकच, आमचे भालचंद्र सर. कॉलेजात शिकवायचे मराठी, पण जीव जडला होता 'पित्तितुस' या शब्दावर. अर्थ 'लहान'. हा शब्द जुन्या लिखाणात कुठेच सापडत नाही. त्याची लेकरं फ्रेंच, कॅटलान भाषांत नांदताहेत, त्यांच्यावरून अभ्यासकांनी तो अंदाजानं उभा केला. म्हणून त्याच्याआधी चांदणीची खूण करतात. "लेकरं आहेत म्हणजे माय होतीच," सर म्हणायचे. या एका शब्दावर त्यांनी सात वह्या भरल्या. बाईंनी चहा आणावा, तो निवावा, त्यांनी पुन्हा गरम करून आणावा. आम्ही विद्यार्थी हसायचो. बाईंचं कुणालाच काही वाटलं नाही, मलाही नाही. आता लाज वाटते.

बाई म्हणजे शरयूबाई, सरांची बायको. हे नाव सरांनीच लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीनं लिहून ठेवलेलं. जांब समर्थच्या माहेरी त्या कौसल्या होत्या. पन्नास वर्षांत सरांनी ते नाव एकदाही घेतलं नाही.

दोन वर्षांपूर्वी बाईंना विसर पडू लागला. आधी किल्ल्या, मग माणसं. या चैत्रात 'शरयू' म्हटलं तरी त्या ओ देईनात. घास पुढे केला की तोंड मिटून घ्यायच्या. सर रडकुंडीला आले होते. मी डबा घेऊन गेले त्या दुपारी ते चाचरत म्हणाले, "कौसल्या."

बाईंनी मान वळवली. "ओ!"

सरांना इतकं हरखलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी घाईघाईनं वरणभात कालवला. बाई दोन घास जेवल्या आणि पदर सावरून म्हणाल्या, "दादा मळ्यात गेलेत, येतीलच. तुम्ही कुठून आलात?"

सरांचा हात तसाच राहिला. "जालन्याहून."

"घरी कोण असतं तुमच्या?"

"बायको होती. शरयू."

"गेली का?"

सरांनी नुसती मान हलवली. 

"अरेरे! मंग तुम्हाला वाढतं कोण?" बाईंनी आपलं ताट त्यांच्याकडे सरकवलं. "जेवा. लाजू नका. आमच्यात पाहुण्याला उपाशी पाठवत न्हाईत."

सर खाली मान घालून जेवले.