कानातला खणखणाट

वडगावच्या अक्काताईंनी भर दुपारी शेजारच्या जयाबाईंचं दार बडवलं. "भांडी आपटायची थांबवा की! डोकं उठलं माझं!"

दाराला कुलूप होतं. जयाबाई लेकीकडं चिकोडीला गेल्यात, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. अक्काताईंनाही, पण रागाच्या भरात त्या विसरल्या होत्या.

त्यांची सारी उमर यंत्रमागावर साड्या विणण्यात गेली. गुडघे थकले तसे मुलानं, विक्रमनं, घरातले माग खासबागेतल्या शेडात हलवले. घर शांत झालं आणि हा आवाज सुरू झाला. त्या मोरीत जाऊन बघत, गॅसची टाकी हलवून बघत, दोन घास खाऊन ताटावरून उठत. आज कुलपासमोर उभं राहिल्यावर कळलं, की आवाज बाहेर कुठंच नाही. डोकं फिरलं की काय, या धास्तीनं त्या कुणाशी बोलेनात.

सून मनिषानं खोदून खोदून विचारलं, तेव्हा कुठं कानात आवाज येतो एवढं म्हणाल्या. ती त्यांना एका कानडी डॉक्टरांकडं घेऊन गेली.

"आवाज कसला येते?" डॉक्टरांनी मोडक्या मराठीत विचारलं.

"खडखडाट होतोय वाटतं," मनिषा म्हणाली.

"न्हाय गं! खडखडाट मागाचा, त्यात लाकूड असतंय. ह्यो निव्वळ धातूचा. घागरीवर घागर आपटावी तसा. खणखणाट हाय, खणखणाट!"

"खणखणा अंत?" खणखण असा का, असं डॉक्टरांनी कन्नडमध्ये विचारलं.

"हौद्री! अदे! व्हय, त्योच!" अक्काताई खुर्चीतून निम्म्या उठल्या. आपला शब्द त्यांच्याही भाषेत आहे, या एवढ्यानंच त्यांना रडू फुटलं.

डॉक्टरांनी समजावलं. मागाच्या गोंगाटानं कानाच्या आतली नस थकलीय. आवाज कदाचित जाणार नाही, पण हे वेड नव्हे. झोपताना बारीक आवाजात रेडिओ लावा.

"आणि जो अजून मागावर उभा हाय त्याचं?" अक्काताईंनी विचारलं.

डॉक्टरांनी गोंगाट अडवायला कानात घालायचे बोळे दिले.

अक्काताई घरी गेल्याच नाहीत, तडक शेडात शिरल्या. विक्रमला हाक ऐकूच गेली नाही. त्यांनी त्याचा दंड धरला आणि बोळा कानात कोंबायला लागल्या.

"आई, आवाज ऐकू आला नाही तर धागा तुटलेला कळायचं कसं?"

"डोळं हायती न्हवं? दुसरा कान कर हिकडं!"