वयाची अट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईलाही नाही, आणि आई आता राहिली नाही. तुम्हाला का सांगते आहे? माहीत नाही. कदाचित तुम्ही माझ्या ताईला ओळखत नाही म्हणूनच.

तशी गोष्ट किती लहान! आम्ही ऑफिसातले चौघे मनालीला जाणार होतो. शनिवार-रविवारला एक-दोन सुट्ट्या जोडायच्या आणि सोलंगच्या उतारावर स्नोबोर्डिंग शिकायचं. आमच्यापैकी कुणीही फ्रीजबाहेर बर्फ पाहिला नव्हता. बेत आखायचं काम माझ्याकडे आलं — म्हणजे मीच ते ओढून घेतलं. गुलमर्गला बर्फ उत्तम, पण अंधार पडला की सामसूम. औलीचंही तेच. आम्हाला नवशिक्यांना झेपेल असा उतार हवा होता, आणि रात्री गाणंबजावणं, नाच, जाग हवी होती. म्हणजे मनालीच. हे सगळं मी कुळगावच्या आमच्या घरात ताईशेजारी बसून शोधलं. फोन माझ्या हातात, पण मान तिचीच पुढे.

ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. बाबा गेले तेव्हा तिने उल्हासनगरला एका जीन्सच्या व्यापाऱ्याकडे नोकरी धरली, म्हणून मी इंजिनियर झाले. तिचं लग्न मात्र 'पुढच्या वर्षी बघू' म्हणता म्हणता राहून गेलं. हे सांगून मी तिला देव्हाऱ्यात बसवत नाही हं. ताई चांगली चावट होती. तिच्या दुकानाच्या सिंधी शेटची हुबेहूब नक्कल करायची, गावात कुणाची हळद असली की पहाटेपर्यंत नाचायची. मी 'नाईटलाईफ' म्हटल्यावर तिने विचारलं, "म्हंजे काय गो? आपली हलद असते तशीच ना? मंग मना काय शिकवाला नको!"

तिने येणाऱ्यांत स्वतःला धरलंच होतं. आणि का धरू नये? एका रविवारी ऑफिसातले ते तिघे आमच्याकडे जेवायला आले होते. ताईने बोंबलाचं कालवण केलं, तांदळाच्या भाकऱ्या केल्या, आणि गप्पांत असं काही हसवलं की तिघेही एका सुरात म्हणाले, "ताई, तुम्ही पण चला ना!" मीही हसून मान डोलावली होती.

मग ती तयारीला लागली. सकाळी गच्चीवर लाटणं आडवं ठेवायची, त्यावर पाट, आणि पाटावर उभी राहून तोल सांभाळायची. धपकन पडायची, स्वतःच हसायची. शेटच्या कारखान्यातल्या मास्टरकडून तिने दोन पँटी शिवून घेतल्या — वरून पाणी न शिरणारं कापड, आतून मऊ अस्तर. एक माझी, एक तिची.

त्याच दिवसांत पालेगावच्या मोहित्यांनी मावशीकरवी तिला मागणी घातली होती. ते शेटच्या दुकानात माल न्यायला यायचे, बायको वारलेली, माणूस सालस. ताई हो म्हणाली नव्हती, नाही म्हणाली नव्हती. "मनालीशी परत आले का सांगते," एवढंच म्हणाली होती, आणि म्हणताना लाजली होती. आईने किती वर्षांनी तिला लाजताना पाहिलं असेल?

आणि मी — कसं लिहू? — निघायला आठवडा राहिला असताना मी तिला म्हटलं, "ताई, मी चौकशी केली. तिथे वयाची अट आहे गं. चाळिशीच्या वरच्यांना शिकवत नाहीत."

अशी कुठलीही अट नव्हती. ताई चव्वेचाळीस वर्षांची होती.

ती वाद घालेल असं वाटलं होतं. तिने फक्त विचारलं, "नुसता बरफ बघाला बी नाय?"

"वर सोडतच नाहीत," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तिने तिची पँट घडी करून माझ्या बॅगेत ठेवली, कुणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून. पडली. माझ्या मैत्रिणीने घातली.

का केलं मी हे? इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की मला लाज वाटली — तिच्या बोलण्याची, कॅफेत ती काय बोलेल, कशी नाचेल याची. हे कारण निदान ऐकायला बरं वाटतं. पण ते खरं नाही. त्या रविवारी निखिल — ज्याच्यासाठी मी हा सगळा खटाटोप मांडला होता, तो निखिल — पूर्ण वेळ ताईकडे बघून हसत होता, आणि माझ्याच घरात मी पाणी वाढणारी झाले होते. ती असली की मी धाकटीच उरते. मला चार दिवस तिच्याशिवायचे हवे होते. बस, एवढंच. मला तिचा हेवा वाटला. जिने माझ्यासाठी सगळं सोडलं, तिचा.

मनालीत दुसऱ्या रात्री निखिल कॅफेतच पेंगून झोपी गेला. पुढे काही झालं नाही. उतारावर आमच्या तुकडीत नाशिकच्या एक बाई होत्या, साठीच्या असतील. पडत होत्या, उठत होत्या, खिदळत होत्या. घरी येण्याआधी मी प्रत्येक फोटोतून त्यांना कापून टाकलं.

पण खोटं बोलणं हा माझा खरा गुन्हा नाही. तो पुढे आहे.

मी आल्यावर मावशी उत्तर विचारायला आली. मी मटार सोलत होते. ताई म्हणाली, "नको गो मावशे. या वयान काय शोभतं?" आईने माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "तू तरी सांग गो तिला."

एक वाक्य पुरलं असतं. ताई, मी खोटं बोलले. तोंडातून निघालं ते वेगळंच. "तिची मर्जी, आई," असं म्हणून मी पुढची शेंग उचलली.

मोहित्यांनी वर्षभरात दुसरीकडे लग्न केलं. ताईने केस रंगवणं सोडलं. हळदीत आता ती म्हाताऱ्या बायकांच्या ओळीत भिंतीला टेकून बसते. कुणी हात धरून ओढलं तर म्हणते, "माझा वय झाला." कुणी ओढतही नाही हल्ली.

गेल्या महिन्यात माझा वाढदिवस झाला. ताई खरवईच्या माझ्या फ्लॅटवर आली, तिने मला ओवाळलं, गालाला हात लावून म्हणाली, "अजून पोरच हाईस गो तू." मी वाकून नमस्कार केला. त्या दिवशी मला चव्वेचाळीस वर्षं पूर्ण झाली, आणि मला जराही म्हातारं झाल्यासारखं वाटलं नाही.