कर्णिक मॅडम आणि तो दिघे

हे मी लिहिणारच नव्हते. दोनदा मशीनमधून कागद ओढून फाडला. एक तर कर्णिक मॅडम कॉलेजचा अंक शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचतात, आणि यात मी केलेला गाढवपणा मीच छापायला द्यायचा म्हणजे कमालच. पण राहवत नाही, म्हणून एका दमात टाइप करतेय.

शुभा कर्णिक, आपल्या झूऑलॉजीच्या डेमॉन्स्ट्रेटर. बारा वर्षं डेमॉन्स्ट्रेटरच. बेडूक कापायला त्या शिकवतात, लेक्चर मात्र दुसरेच देतात. राहतात अंधेरीतच. सकाळी घरच्यांचे डबे भरून येतात आणि रविवारी ओहोटी सोयीची असली की वर्सोव्याच्या खाडीत साडी खोचून गुडघाभर चिखलात उतरतात. कशाला, तर निवट्यांसाठी. हो, तेच चिखलावर टणाटणा उड्या मारणारे मासे, ज्यांचं कालवण आपण बोटं चाटून खातो. ते अंडी कधी घालतात, कुठे घालतात, यावर मॅडमचे लेख परदेशी मासिकांत छापून आलेत.

यंदा लेक्चररची एक जागा निघाली. मॅडम अडतीस वर्षांच्या. पुढची जागा निघेपर्यंत वयात बसणार नाहीत, म्हणजे आता नाही तर कधीच नाही. आपले हेड, श्यामसुंदर सर म्हणाले, कमिटी आता नुसते लेख मोजत नाही, ते लेख पुढे कोणी वापरले हेही विचारते. ते शोधायचे जाडजूड खंड पवईच्या इन्स्टिट्यूटच्या लायब्ररीत आहेत. मी भांडुपची, पवई मला जवळ. मॅडमनी पुरतं काही सांगायच्या आत मी निघालेसुद्धा.

यार, काय ते खंड! मुंगीएवढी अक्षरं. नाव शोधायचं, नावाखाली त्या माणसाचा लेख, आणि लेखाखाली ज्यांनी ज्यांनी त्याचा उल्लेख केला त्यांची यादी. दहा वर्षांचे खंड उपसले. कर्णिक, एस. व्ही. : तीन उल्लेख. फक्त तीन. मला तिथेच रडू आलं.

मग ते तीन लेख काढून वाचले, तर तिन्हीत मॅडमच्या आधी भलतंच नाव. दिघे, १९६२. मॅडमच्या स्वतःच्या लेखातसुद्धा ‘दिघे यांनी दाखवल्याप्रमाणे’! या दिघ्याला खंडात शोधलं. एकोणीस उल्लेख. जपान, नॉर्वे, कुठून कुठून. डोकंच फिरलं माझं. परत येऊन अख्ख्या लॅबला सांगितलं की कोणी दिघे नावाचा माणूस मॅडमच्या कामावर पोसला गेलाय.

मॅडम बेसिनवर बरण्या धूत होत्या.

“मॅडम, सगळे त्या दिघ्यालाच मानतात. कोण आहे हो हा?”

“मी,” त्या म्हणाल्या. “किती म्हणालीस? एकोणीस?”

आणि बरणी हातात तशीच धरून उभ्या राहिल्या.

लग्नाआधी त्या कुंदा दिघे होत्या. लग्नात सासरच्यांनी ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहिलं, शुभा, आणि आडनावाबरोबर कुंदाही गेली. खंड छापणाऱ्यांना काय माहीत? त्यांच्या लेखी दोन वेगळी माणसं. पुढच्या लेखात स्वतःच्याच कामाला ‘मी’ म्हणायचा मॅडमना संकोच वाटला, म्हणून ‘दिघे यांनी’ लिहिलं. मला पवईला धाडताना जुनं नाव सांगायचं त्यांच्या मनातही आलं नाही. लग्नानंतरच्या तेरा वर्षांत ते कोणी विचारलंच नव्हतं ना.

श्यामसुंदर सरांनी अर्जाला लग्नाचा दाखला जोडला आणि खाली बावीस उल्लेख लिहिले. झकास, म्हटलं, झालं काम.

मुलाखत लॅबच्या शेजारच्या खोलीत. मधे नुसतं लाकडी पार्टिशन. मी अर्थातच त्याला कान लावून. बाहेर बाकावर सोनूबाई बसल्या होत्या, वर्सोव्याच्या कोळीणबाई, रिकामी पाटी पायाशी. मॅडमची परीक्षा आहे म्हणून बाजार उरकून आल्या होत्या.

कमिटीतले चंद्रप्रकाश सर बाहेरून आलेले, बोलणं तिरकस. भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती कमी चढते तेव्हा, निवटे अंडी घालतात हे मॅडमना सुचलं कसं, असं त्यांनी विचारलं.

“सुचलं नाही. सोनूबाईंनी सांगितलं,” मॅडम म्हणाल्या. “मी वर्षभर बिळं उकरून पाहिलं, खरं निघालं.”

“मग हे बावीस उल्लेख कोणाचे धरायचे?”

“दोघींचे. मी लेखाच्या शेवटी नुसते आभार मानले. वर त्यांचंही नाव हवं होतं. चूक माझी.”

वाट लागली. मला वाटलं आत घुसून त्यांचं तोंड दाबावं. आतून कोणी तरी म्हणालं, ही बाई कुठे भेटेल? मी दार ढकललं आणि सोनूबाईंना हाताला धरून आतच नेलं. श्यामसुंदर सरांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी भिंतीला चिकटले.

चंद्रप्रकाश सरांनी विचारलं, हे सगळं तुम्हीच सांगितलंत का.

“सांगितलं तर,” सोनूबाई म्हणाल्या. “हिचे आधी चार साहेबांना सांगितलं. वहीन लिवून घेतलं नि गेले. चिखलान उतरली ती ही एकटी कुंदा. पोटुशी व्हती तरी उतरली. आता तुमी पण बूट काढा, दावते.”

कमिटीत कोणी तरी हसलं. चंद्रप्रकाश सर नाही हसले, पण त्यांनी ओहोटीची वेळ विचारून कागदावर लिहून घेतली.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. जूनपासून कर्णिक मॅडम लेक्चरर. पत्र वाचून त्या आधी वर्सोव्याला गेल्या, मग घरी. नवा लेख चिंबोऱ्यांवर, म्हणजे खाडीतल्या खेकड्यांवर चाललाय आणि त्यावर दोन नावं असणार, दुसरं सोनूबाईंचं. मॅडमचं आता कुंदा शुभा कर्णिक असं छापायचं ठरलंय. कसं दिसेल ते दिसेल.

आणि हे वाचून झाल्यावर नुसते बसू नका. सोनूबाई सत्तरीच्या पुढे आहेत, एका डोळ्याने दिसत नाही, आणि खाडीतलं त्यांना जे ठाऊक आहे त्यातलं पावही अजून कुठे लिहिलेलं नाही. मॅडम एकट्या किती लिहून घेणार? सकाळी त्या वर्सोव्याच्या बंदरावर असतात, कोणालाही विचारा. येत्या रविवारीच जा. वही न्या, आणि चपला काढायची तयारी ठेवा.